नेम

उणे एकोणीस. बर्फावर पाऊल पडलं की
खडीसाखर चावल्यासारखा आवाज.
अहती बाकावर काडतुसांच्या दोन डब्या मांडतो.
एक रात्रभर गाडीत गारठलेली,
दुसरी सकाळपासून त्याच्या लोकरी बनियनच्या आत, बरगडीशी.
थंडी किती वेग खाते, ते त्याला मोजायचंय.
वही माझ्याकडे. आणि पेन्सिल,
कारण कैनूच्या मार्चमध्ये शाईचा भरवसा नाही.

चाळीस वर्षं माझा बाप स्वतःची काडतुसं स्वतः भरतो.
जेवणाची ताटं उचलली की त्याच टेबलावर तराजू येतो,
आणि मग घरात कुणी शिंकायचं नाही.
पिण्याच्या दारूला त्याने उभ्या जन्मात हात लावला नाही;
या दारूचा एक कण जास्त पडला
तर सगळं परत ओतून पहिल्यापासून.
आई म्हणायची, माझ्या लग्नाच्या अंगठीचं माप
याने एवढ्या काळजीने घेतलं नव्हतं.

आधी गारठलेली.
बार झाला की यंत्राच्या चौकटीत आकडा उगवतो:
सातशे एक्याऐंशी. सातशे अठ्ठ्याहत्तर.
सातशे ऐंशी, परत ऐंशी, एकोणऐंशी.
मग उबेतली:
आठशे एक, आठशे, आठशे दोन,
आठशे एक, आठशे.
एका आईची लेकरं शोभावीत असे आकडे.
अहती हसत नाही, नाकातून वाफ सोडतो;
ज्याला माहीत आहे त्याला ते हसूच.

एक गोष्ट मी वहीत मांडली नाही.
एरवी बोल्ट ओढताना उडालेलं पितळ तो हवेतच झेलतो.
आज पहिलंच निसटलं, बर्फात पडलं,
चुर्र करून आपल्यापुरती विहीर खणून
आत उतरलं.
दुसरंही. मग त्याने हात पुढे करणंच सोडलं.

शंभर मीटर आम्ही न बोलता चालत गेलो.
कागदावर दहा भोकं,
तळहात ठेवला तरी दोन बाहेर उरतील अशी.
अहतीने कागद उन्हाकडे धरला,
दहा कवडसे त्याच्या तोंडावर पडले,
एक भुवईवर, एक ओठाच्या कोपऱ्यात,
बाकीचे कुठेही.

शेजारच्या बाकावरून विल्यो मोइलानेन आला,
थर्मासचं झाकण हातात, मिशीला बर्फ.
"उबेतली पाच दे बघू मला."
त्याच बंदुकीने, त्याच बाकावरून
त्याने कॉफीच्या घोटांमध्ये पाच बार काढले.
पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली.
"झकास भरलीस रे," म्हणाला,
आणि लगेच
असं म्हणायला नको होतं, हे त्याच्या लक्षात आलं.
झाकणातली उरलेली कॉफी त्याने बर्फावर ओतली
आणि ती कुठवर जिरते ते बघत राहिला.

"साइमी, लिही," बाप म्हणाला. "वारा होता."

निशाणाजवळच्या काठीला नारिंगी फीत बांधलेली असते.
ती ओळंब्यासारखी सरळ लोंबत होती.
स्प्रूसच्या फांदीवरचा बर्फ
जिथे होता तिथेच, चिमणीएवढाही ढळला नव्हता.
जानेवारीपासून बशीत वाजणारा कप
मी ऐकत होते. मलाही वाटायचं,
टेबलाचा पाय लंगडा असेल.

चाळीस वर्षांच्या वहीत मी लिहिलं:
वारा, डावीकडून, हलका.
पेन्सिल दाबून लिहिलं, म्हणजे मागच्या पानावरही उमटेल.

पितळं शोधायला तो गुडघ्यावर बसला.
हातमोजा काढला नाही.
"शनिवारी वारा पडेल," बर्फाशी बोलल्यासारखं म्हणाला,
"तेव्हा बंदूक तू धर. भरून मी देईन."
"आणि तराजू?" मी विचारलं.
तो बराच वेळ बर्फ चाचपत राहिला.
"तराजूचं बघू."

पंधरातली चौदा सापडली.
पंधरावं तिथेच आहे, आपल्या विहिरीत,
मेमध्ये बर्फ उतरला की
कुणाच्या तरी बुटाला लागेल.