बर्चची काठी

कागद वाळवायच्या दालनात
नमदा फिरवणारे अठ्ठेचाळीस रोलर,
दर रोलरला दोन बेअरिंगं,
आणि त्या शहाण्णव जणांची
विचारपूस करत फिरणारी तुओवी लेहतोला.
खिशात चिंधी, खांद्यावर ग्रीसची बंदूक,
काखेत हातभर लांब बर्चची काठी.

बाहेर नदी गोठलेली, उणे सव्वीस.
आत घामानं चष्मा घसरतो.

काठीचं एक टोक तिनं बेअरिंगच्या घरावर टेकवलं,
दुसरं माझ्या कानामागच्या हाडावर.
ऐक, म्हणाली.
ऐकलं. नुसता गडगडाट.
ते नाही. त्याच्या खालचं.

तीन महिने मला खालचं काही सापडलं नाही.

मग एका रात्रपाळीला सापडलं :
एक सलग, मऊ सूं,
कुणी अंधारात कापड फाडत नाहीये, फक्त कुरवाळतंय, असं.
तुओवी म्हणाली, हेच ते. तेल.
दीड टनाचा रोलर, आणि त्याच्याखाली
एका केसाचे शंभर पापुद्रे काढले
तर त्यातल्या एकाएवढं तेल.
पोलाद पोलादाला शिवत नाही ते एवढ्यावर.

आणि हा पापुद्रा आधीपासून नसतोच, सैमी.
आपण फक्त ग्रीस भरतो.
फिरणारं पोलाद स्वतःच तेल ओढून
आपल्याखाली अंथरतं.
थांबलं, की उठलं अंथरूण.

(इतकं ती सलग बोलली
ते त्या वर्षी तेवढंच.)

बंदुकीचे दोन दाब. तिसरा नाही.
मी एकदा मायेनं सहा दिले.
संध्याकाळी ते घर हात लावू देईना.
आपल्याच ग्रीसमध्ये घुसळून घुसळून
तापलं होतं बिचारं.
तुओवी रागावली नाही. चिंधी दिली,
जास्तीचं पुसून काढायला लावलं
आणि कॉफी प्यायला गेली.

फेब्रुवारीत एकतिसाव्या रोलरपाशी
ती नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली.
मग काठी माझ्याकडे दिली.
टिक.
बराच वेळ काही नाही.
टिक.
मी मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती,
बेअरिंगकडे नाही.
तेव्हा कळलं,
तिला ती टिक ऐकू आलेलीच नव्हती.
कधीपासून येत नसेल, कोण जाणे.
माझ्या भुवया वाचून
तिनं पाळीच्या वहीत लिहिलं :
एकतीस, चालवायची बाजू, बदला.
खाली सही तिची.
मी काही बोलले नाही.
यंत्रं कुरकुरली तर बरं असतं, कळतं तरी.

बदलायला कोठारातून नवं आणलं.
नवं म्हणजे बारा वर्षं खोक्यात,
मेणकागदात गुंडाळलेलं, एक फेरीही न फिरलेलं.
दिव्याखाली धरलं तर कड्याच्या आतल्या वाटेवर
ओळीनं खळगे, रोलर-रोलरच्या अंतरावर,
बोटाच्या नखाला लागतील न लागतील असे.
कोठाराच्या भिंतीपलीकडे पंप आहे.
बारा वर्षं तो थरथरत होता
आणि हे एकाच जागी बसून
शेजाऱ्याच्या थरथरीनं झिजत होतं.

तुओवीनं ते बराच वेळ हातात फिरवलं.
भंगारात टाकलं नाही.
आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवलं,
चार किलोचं ओझं,
आणि बसस्टॉपपर्यंत तिरकी तिरकी चालत गेली.

जूनमध्ये उन्हाळी सणाला यंत्र थांबवतात.
कळ मी दाबली.
रोलर मंदावत गेले, सूं पातळ होत गेलं,
आणि अगदी शेवटी, काठीशिवायही ऐकू आलं,
एक बारीक खर्रर्र.
अंथरूण उठलं होतं.

तुओवीनं एकतिसावर तळहात ठेवला
आणि ते निवेपर्यंत काढला नाही.
सोमवारी सावकाश सुरू कर, म्हणाली.
आणि काठी?
ती तिनं माझ्या लॉकरला टेकवून ठेवली होती,
कानाकडचं टोक वर,
घासून घासून गुळगुळीत झालेलं.