अर्थ लागंना

हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा चढायचा.
ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मिणमिणायचा,
आणि हॉर्न दिला तर केबिनमधला दिवा
डोळा मारल्यासारखा लागून विझायचा.
सोलापुरात मे महिन्यात काटा चढला
तर शंका कोण घेतो?
दोनदा रेडिएटर धुऊन घेतला, थर्मोस्टॅट बदलला,
टॉवेलचे गठ्ठे लादून
ट्रान्सपोर्टपर्यंत जीव मुठीत धरून जात राहिलो.

दस्तगीर म्हणाला, "गरम नाही ओ ही.
खोटं बोलालीय."

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत
त्याचं दुकान म्हणजे लिंबाचं झाड, एक बाकडं
आणि दोन वायरी जोडलेला एक बल्ब.
मीटर आहे त्याच्याकडे. डब्यात असतो.
"मीटर आकडा सांगतंय. बल्ब जोर सांगतंय."

डॅशबोर्ड उतरवला, आणि आत
रामुलू गुंडेटी सापडला,
ज्याच्याकडून ही पिकअप मी घेतली तो.
सगळ्या वायरी हिरव्या,
त्या दिवशी हिरवंच बंडल मिळालं असणार.
फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
एका जोडाला टेपऐवजी
चादरीचा लाल काठ गुंडाळलेला, वरून मेण.
"बघितलंस? दोन वर्षं हेच भोगतोय मी."

दस्तगीरनं काठ उलगडला
आणि थांबला.
"बे बसू, हिकडं ये."
तांब्याच्या दोन तारा. पीळ नाही,
मागवाल्याची गाठ.
तुटलेलं सूत जोडतात ती,
बोटाच्या पेरावर, श्वास सोडायच्या आत;
कापडात दिसत नाही, हाताला लागते.
"माझी अम्मी असली मारायची," तो म्हणाला,
कुणाला ते कळलं नाही.
बल्ब लावला. भक्कन पेटला.
"ह्यात काय नाही. ह्याला कुणी हात लावू नका."
आणि काठ परत गुंडाळला, होता तसा.

साडेतीनला लाइट गेली.
समोरचे माग मध्येच गप्प झाले,
मुंडासं सोडत दोघंतिघं दारात येऊन बसले,
आणि फ्लॅशर ऐकू यायला लागला:
टिक. टिक.
टिक्.
मान तिरकी करून दस्तगीर ऐकत राहिला.
"प्लस येतंय सगळीकडं. अर्थ लागंना."

मी म्हणालो, मलाही.
तो हसला नाही. त्याच्याकडे त्या शब्दाला
एकच बाजू होती.
"करंट गेला की त्याला परत यायचं असतंय.
त्याची वाट बंद केली
की दुसऱ्याच्या घरातून जातंय ते.
काट्यातून, दिव्यातून, गावेल तिथनं."

बॅटरीखालचा बोल्ट बसूनं सोडवला.
वॉशरखाली निळा रंग,
जाड, गुळगुळीत, दोन हातांचा.
"रंग कुणी मारला ओ, चेसिसला?"

मी लिंबाकडे बघितलं.
गाडी घेतली त्याच महिन्यातला एक रविवार.
पासिंगच्या आधी, चड्डी-बनियनवर, स्वतःच्या हातानं,
बोल्ट काढून, खाली ब्रश फिरवून,
परत आवळलेला, अगदी कौतुकानं.

पॉलिश पेपर मारला, पत्रा चकाकेपर्यंत.
बोटभर ग्रीस.
दीडशे रुपये झाले.

गुंडेटीचा नंबर माझ्या फोनमध्ये
"फसवी गाडी" नावानं आहे.
हेडलाइट लावून शांती चौकापर्यंत आलो,
काटा होता तिथंच. सिग्नलला नाव खोडलं.
नवीन काय लिहावं ते सुचेना.
मागच्या रिक्षानं हॉर्न दिला.
मीही दिला, उगीच,
वर बघत.