तिसऱ्या गिअरमध्ये अनमोड

पास्कोलने प्लग काढून माझ्या तळव्यावर ठेवला,
काजळी धरलेल्या पणतीसारखा.
"बाय, गाडी धावून मरत नाही, बसून मरते.
कुर्टी ते फोंड्याचा बाजार, बाजार ते कुर्टी,
इंजिन तापायच्या आत तुम्ही चावी काढता.
एकदा घाटात न्या तिला. रडूं दी."

ह्यांनी बावीस वर्षं काटा चाळिसावर जाऊ दिला नाही.
वहीत लिटर न् लिटर लिहिलेला,
हवा, पाणी, ऑईल, तारीख,
आणि दर पानाच्या समासात: सावकाश.
गेले त्या दिवशी टाकी अर्धी भरलेली होती.

पलीकडच्या गॅरेजातला शाणू म्हणाला, खूळ आहे हे.
जुन्या इंजिनाला पिळलंत तर गॅस्केट जाईल,
मग बसा मोल्याच्या नाक्यावर माकडं मोजत.

दोघांचंही ऐकलं. आधी ऑईल बदललं.
पहाटे निघाले. तिस्क, धारबांदोडा,
हळूहळू, तापमानाचा काटा मधोमध येईस्तोवर.
थंड इंजिनावर ओरडायचं नाही,
ही पास्कोलची एकच अट.
नाका ओलांडला, चढ लागला,
आणि तिसऱ्यातच ठेवून
पाय पुरता दाबला.

एवढा आवाज हिच्यात होता?
काचा थरथरल्या, डॅशबोर्डावरचा मंगेश
एक बोट सरकला,
मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न धरून ठेवला.
आरशात धूर, ओल्या लाकडांच्या चुलीसारखा काळा,
दुसऱ्या वळणाला करडा,
पाचव्या वळणाला
आरशात नुसतं रान.

परतताना ती पायाच्या नुसत्या स्पर्शाने पळत होती.
पण डावीकडची टकटक तशीच.

पास्कोलने बॉनेटला कान लावला, बराच वेळ.
"काजळी होती ती जळली.
झिजलंय ते झिजलं, बाय.
घाट चढून ते परत उगवत नाही."
पैसे घेतले नाहीत. प्लग मात्र मागून घेतला,
शाणूला दाखवायला.

रात्री ह्यांची वही काढली.
तारीख. किलोमीटर. पेट्रोल, जरा जास्तच.
समासात सवयीनेच लिहून गेले: सावकाश.
खोडायला पेन उचललं,
मग तसंच ठेवून पुढे लिहिलं,
महिन्यातला एक रविवार सोडून.