अर्थ लागेपर्यंत

तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलमागे, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये
सकाळी दहाला गाडी लावली बाळाराम मढवींनी.
गोठिवलीचे. बत्तीस वर्षं रबाळ्यात, प्रेस शॉपला,
अडीचशे टनांचा दणका दर चार सेकंदांनी.
"डावा गेला. उजवा हाय जरा जरा," म्हणाले,
आणि डॅशबोर्डवर बोट टेकवलं:
"ह्याला हात नाय लावायचा. कंपनीचा हाय,
कंपनीचाच दिसला पायजे.
पन आवाज मना लागला पायजे."

लागला पाहिजे.
आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, वाजला पाहिजे.

कंपनीच्या स्टिरिओला मागे वेगळी वाट नसते.
स्पीकरच्याच वायरी सोलायच्या, तांबं दिसेल एवढ्याच,
आणि शेजारणीकडून विरजण मागावं
तसा तिथून चमचाभर आवाज मागून घ्यायचा.
रंगांवर विश्वास नाही. घड्याळातला सेल लावून पाहिला:
पडदा बाहेर आला की प्लस,
आत गेला की उलटं.
बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज.
लाल केबल डाव्या कडेने, सिग्नलची उजव्या,
एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा.
अँप्लिफायर ड्रायव्हरच्या सीटखाली, अर्थिंग सीटच्या बोल्टाला.

गाडी चालू केली.
ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच एक बारीक शीळ,
पाय दाबला की चढणारी, उचलला की उतरणारी,
डास कानापाशी येऊन परत जावा तशी.
मी ऐकली. मुनीरने ऐकली.
बाळाराम मढवी स्टिअरिंगवर ताल धरून होते.

"सोड ना," मुनीर पुटपुटला,
"ह्यांना कुठे ऐकू येतंय?"

नव्हतंच येत. बारीक आवाज सगळ्यांत आधी जातात,
हे मला ह्या धंद्यात कळलंय.
अडीच वाजले होते. डबा बंद. बाहेर दोन गाड्या हॉर्न देत.

सीट पुन्हा काढली.
बोल्टाखाली रंग खरवडला होता मी, पण रंगाखाली प्रायमर,
राखाडी, थंड, हुबेहूब लोखंडासारखा.
दरवेळी सांगतो मुनीरला, आणि आज मीच फसलो.
पॉलिश पेपरने घासत राहिलो
पत्रा चमकेपर्यंत.
रिंग बसवली. कसली. चालू.
ॲक्सिलरेटर दाबला: नुसतं इंजिन.

"अर्थ लागला," मी ओरडून म्हणालो.
"काय लागला?"
"अर्थ, काका!"
"बरा. मंग काय बोलतंय तो?"

त्यांनी पेन ड्राइव्ह लावला.
लेकीच्या हळदीची रात्र, कुणीतरी फोनवर धरलेली:
भांड्यांचा आवाज, एक पोर रडतंय,
आणि धवला म्हणणारी एक बाई, खडा, न थरथरणारा गळा.
बास कमी केला, मधला पट्टा वर आणला.
बाळारामांनी कान पुढे केला नाही,
तळहात दाराच्या पॅनलवर ठेवला.

मागच्या सीटवर लसणाची पिशवी मांडीवर घेऊन बामीबाय.
"कितींदा आयकायचा? मी हितं बसलेय ना!"
त्यांची पाठ होती तिच्याकडे. काही कळलं नाही त्यांना.
मला कळलं, दोन्ही आवाज एकच आहेत.
दोन ओळींमध्ये रेकॉर्डिंगमधली ती श्वास घेते,
एवढासा.
शीळ असती तर नेमकी त्याच्यावर बसली असती.

पैसे मोजले, दोनदा.
मग मुनीरकडे बघून म्हणाले,
"सोड बोललास नं तू?"
मुनीरचा हात वायरच्या गुंडाळीत तसाच.
"प्रेस शॉपात कानानी कोन काम करतंय?
सगला ओठावर."

जाताना आमच्या बाकावर
लसणाचे चार गड्डे ठेवले बामीबायने,
तीन माझ्या बाजूला,
एक, जरा विचार करून, मुनीरच्या.