चौकटवाल्याची वही

मल्लेशम बिंगीची पहिली चौकट मीच केली,
साखर पेठेतल्या दुकानात.
सागाची पट्टी, दीड इंची, पैसे उधार.
चित्रात हिरवी दरी, देवदार, मागे बर्फ.
"कुठलं बे हे?"
"कॅलेंडरातलं," म्हणाला, न लाजता.

दिवसा तो कारखान्यात चादरींचे आलेख भरायचा,
चौकोनात ठिपका, चौकोनात ठिपका,
मोराच्या नुसत्या मानेला एकशे बारा.
रात्री बर्फ.
बर्फ खपला. दवाखान्यांत, पतपेढीच्या जिन्यात.
चव्वेचाळीस अंशांत नंबर लावून बसलेली माणसं
त्याचा बर्फ बघत बसायची.

मग कारखाना बंद पडला
आणि तो सायकलला पेटी बांधून
नान्नजच्या माळावर जायला लागला.
माळढोक काढायचाय, म्हणे.
माळढोक काही दिसला नाही.
आठ महिने
न दिसलेल्या पक्ष्यामागचं गवत काढत राहिला.

पिवळा म्हणजे एक नव्हे, सांगायचा.
ज्वारीच्या धसकटाचा वेगळा, करडईचा वेगळा,
धूळ बसलेली बाभूळही त्यातच धर.
ही चित्रं कोणी घेईना.
डॉक्टर म्हणाले, बाहेर ऊन काय कमी आहे?
मी चौकटी करत राहिलो,
वहीतलं त्याचं पान भरलं, मागं उलटलं.

हळूहळू क्षितिज वर सरकलं.
पट्टी मापताना मला कळायचं:
आभाळ आधी वीतभर,
मग चार बोटं,
मग चादरीच्या काठाएवढं.
विचारलं तर म्हणाला,
"मान वर कोण करतंय इथं? डोळ्यात ऊन जातं की."

एकदा पुण्याहून कोणी आले, दोन चित्रं घेऊन गेले.
पत्रिका छापली, त्याचं नाव जाड अक्षरात.
त्या पत्रिकेत राजव्वा
विड्यांची तंबाखू बांधून ठेवायची.

मागच्या उन्हाळ्यात एक चित्र घेऊन आला.
हिप्परग्याचा तलाव, आटलेला.
आभाळ नाहीच,
या कडेपासून त्या कडेपर्यंत भेगाळलेला गाळ.
चष्मा लावून जवळ गेलो.
भेगांखाली पेन्सिलीचे बारीक चौकोन,
आलेखाचे, न पुसलेले,
कुठं कुठं ठिपका.
मी मोजायला लागलो, तर त्यानं हात धरला.
"याला चौकट नको."
"मग आणलंस कशाला बे?"
"उधारी सांग."

वही काढली, धूळ झटकली.
बेरीज करायला पहिलं पान उघडलं.
माझ्याच अक्षरात, वर:
सागाची पट्टी, दीड इंची. बर्फ.