कधी बंद पडतं?

लॅमिंग्टन रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
अंधाऱ्या जिन्याच्या टोकाला माझं टेबल.
पाटीवर नाव अजून बाबांचंच,
प्रश्न मात्र आता मला विचारतात.

"एलईडी पेटत नाही, ताई."
उलटी लावली असशील. लांब पाय प्लसला.
"पाय कापून टाकले दोन्ही."
मग कडेवरून बोट फिरव,
गोलाई जिथे चपटी लागेल ती बाजू मायनस.

"रेग्युलेटर चटका देतो."
बारा व्होल्ट घेतोस, पाच पुढे देतोस,
मधले सात काय हवेत विरतील?
ते तापणारच. हीट सिंक लाव,
नाहीतर मुळात कमी माग.

माटुंग्याच्या कॉलेजातली एक मुलगी
तीन रात्रींचे डोळे घेऊन आली.
"बोर्डावर बोट ठेवलं की नीट चालतं.
काढलं की अंगात आल्यासारखं करतं."
म्हटलं, ही पिन अधांतरी आहे गं.
वर बांधली नाहीस, खाली बांधली नाहीस,
शेजारून जे जाईल ते ती ऐकते.
दहा किलोओहम, एक टोक इथे, दुसरं ग्राउंडला.
रुपयाभराचं काम.
तिनं वहीत आकडा लिहिला नाही,
'अधांतरी' लिहिलं, आणि खाली रेघ मारली.

आणि मग मोरेश्वर टपके, वेसाव्याचे,
प्लास्टिकच्या पिशवीत होडीवरचा वायरलेस.
"दुकानान चालतंय. दर्यान मरतंय."
मी सेट लावला. चालला.
तासभर लावून ठेवला. चालला.
खारी हवा, मी म्हटलं, शहाण्यासारखं,
ट्रॅक घासले, लाखेचा हात दिला,
एक कॅपॅसिटर बदलला, पैसे घेतले.

पंधरा दिवसांनी तीच पिशवी.
दुसरा कॅपॅसिटर. पुन्हा पैसे.

तिसऱ्यांदा त्यांनी पिशवी टेबलावर ठेवलीच नाही.
"तू ये," म्हणाले.

पहाटे चार. पर्समध्ये बाबांचा काट्याचा मीटर,
कारण आकड्यांचा मीटर दमानं विचार करतो,
आणि झटका तोवर निघून गेलेला असतो.
धक्क्यावर बर्फ फोडत होते.
होडी निघाली, मला मळमळलं,
नाखवांचा पोरगा माझ्याकडे बघून हसला.
सेट चालू. काटा साडेबारावर, निवांत.
किनारा दिसेनासा झाला, तरी चालू.
जाळ्यापाशी इंजिन बंद केलं. चालू.
जाळं ओढलं, पाऊण तास. चालू.
"आता?" मी म्हटलं.
"आता घरा," म्हणून त्यांनी स्टार्टर दाबला,

आणि काटा सातवर कोसळला,
एका श्वासापुरता,
आणि सेटचा दिवा गेला.

सगळा दोष त्या एका श्वासात होता.
धक्क्यावर ते आधी इंजिन लावत, मग सेट.
माझ्या टेबलावर तर इंजिनच नाही.
मी तीनदा विचारलं होतं, का बंद पडतो?
कधी, हे एकदाही नाही.

सप्लायच्या वाटेत एक डायोड टाकला,
म्हणजे सेटचं पाणी स्टार्टरकडे उलटं वाहू नये,
आणि डायोडच्या पलीकडे एक ढब्बू कॅपॅसिटर,
घोटभर साठवणारा. श्वासापुरतं पुरे.

आधीचे दोन कॅपॅसिटर ठणठणीत होते,
मी काढून डब्यात टाकलेले.
त्यांचे एकशे ऐंशी रुपये परत केले.
वाटलं, राहू दे ताई म्हणतील.
त्यांनी मोजले, आणि खिशात घातले.

मीटरच्या वायरींना अजून बोंबलाचा वास आहे.
काल एक गिऱ्हाईक नाक दाबून म्हणालं,
"ताई, माझा ॲम्प्लिफायर गुणगुणतो."
कधी, मी विचारलं.
ते वरच्या पंख्याकडे बघत राहिलं, बराच वेळ,
पहिल्यांदाच आठवायला लागल्यासारखं.