नाक

मला कामावर घेतलं ते नाकासाठी.
ड्रेस्डेनला, एल्बच्या काठी, फोटोच्या कागदाचा कारखाना.
एक नासकं अंडं बादलीत गेलं
की अख्खी बादली गटारात
आणि शनिवारी मजुरीला कात्री.
म्हणून आधी फोड, मग हुंग, मग ओत.
पांढरं इकडे, पिवळं तिकडे.

पिवळं जायचं कातडी कमावणाऱ्यांकडे,
हातमोजे मऊ करायला. कुणाचे हात, देव जाणे.
पांढरं घुसळायचं, मीठ घालून आंबवायचं,
त्यावर एकेक कागद तरंगवायचा
दोन कोपरे धरून, श्वास रोखून.
बुडबुडा दिसला की मुकादमीण हातावर मारायची.

त्याच कागदावर मग राजा उमटायचा,
चौकातला, ओतीव, घोड्यावरचा.
खाली सोनेरी अक्षरांत फोटोग्राफर निट्सोल्ड.
कोंबड्यांचं नाव कुठेच नाही.

फोटोच्या दिवशी पहाटे
राजाला आंघोळ घालायला माझ्या भावाला बोलावलं.
शिडी, बादली, राठ केसांचा ब्रश.
कबुतरांनी वर्षभर भरवलेला दरबार
बेनो खांद्यावरून खरवडत होता.
खाली काळ्या कापडातून निट्सोल्ड ओरडला,
उतर! काच ओली आहे तोवरच दिसतं तिला!
बेनो म्हणाला,
कानात राहिलंय थोडं.

झाकण निघालं. निट्सोल्डने आठ आकडे मोजले,
शेवटचे तीन शिव्या देत.

राजा हलला नाही,
त्याला हलायचं कारणच काय?
बेनो हलला.
म्हणून राजाच्या मानेपाशी
एका सदऱ्याची वाफ आहे,
थंडीत घोड्याच्या नाकपुडीतून निघते
तेवढीच.

ती काच बाद झाली.
तिचा एकच छाप निघाला होता,
तो निट्सोल्डने मजुरी म्हणून बेनोच्या हातावर ठेवला.
आई आठवडाभर बोलली नाही, दोघांशीही.

पुढे बेनो मिलवॉकीला गेला.
दोन पत्रं आली. फोटो नाही.

आता राजा पिवळा पडत चाललाय.
आधी आभाळ, मग घोड्याचं पोट, मग किताबाची अक्षरं.
आम्ही इतक्या निगुतीनं वेगळं काढलं होतं,
ते कुठल्या वाटेनं आत आलं?

सून म्हणते, ओल लागलीय, टाकून द्या.
मी भिंतीवरून उतरवून
नाकाशी धरते.

नासलेलं नाही.